ही रेघ कोणाची?

उमाळकर मॅडमनी कोणाला "तुम्हाला काही नाही" असं सांगितलेलं मी कधी ऐकलं नाही. आमच्या केंद्रात माणसं यायची ती खरं म्हणजे एवढं एकच वाक्य ऐकायला. सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला, एक्स-रेच्या खोलीपलीकडे आमच्या दोन खोल्या. एकीत रक्त घ्यायचं, दुसरीत एचआयव्हीसाठी तपासायचं. समुपदेशकाची जागा बहुतेक वेळा रिकामी, त्यामुळे रिपोर्ट सांगण्याचं कामही मॅडमकडेच आलेलं. रिपोर्ट चांगला आला की त्या कागद समोरच्याकडे वळवत, तारखेवर बोट ठेवत आणि म्हणत, "आजच्या रक्तात आम्हाला काही दिसलं नाही. तीन महिन्यांनी परत या."

समोरचा माणूस तोवर खुर्चीतून अर्धा उठलेला असे. "मतलब निगेटिव ना, दीदी?"

"आज नहीं दिखा," मॅडम म्हणत. हे म्हणताना त्या हसत नसत. तो माणूस तीन महिन्यांनंतरची तारीख स्वतःच्या तोंडानं परत सांगेपर्यंत त्या कागद सोडत नसत. बाहेर रांग वाढत जाई आणि मला वाटे, बाई फार ताणतात. त्या एवढं का ताणतात हे मला कळायला सहा वर्षं लागली.

मी तिथं टेक्निशियन म्हणून रुजू झाले तेव्हा चोवीस वर्षांची होते. वडील रेल्वेत, त्यामुळे जन्म आणि शाळा जबलपूरमध्येच. घरात मराठी ऐकायची, बोलायची मात्र हिंदी. पहिल्याच दिवशी मी मॅडमशी हिंदीत बोलायला लागले, तर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आडनाव तर आपल्याकडचं आहे. मग काहून हिंदीत बोलून राहिली?" मी म्हटलं, जमत नाही नीट. त्या म्हणाल्या, "जमत नाही म्हणूनच बोल." त्या दिवसापासून खोलीचं दार बंद झालं की मराठी. आज मी हे मराठीत लिहू शकते ते त्यांच्यामुळे.

त्या उंच, काटक. सुती साडी, वर बिनइस्त्रीचा पांढरा कोट, आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला वळवलेलं. तपासणीच्या पट्टीवर रक्ताचा थेंब टाकला की त्यांचं मनगट उलटं होई. पट्टीसोबत येणाऱ्या कंपनीच्या कागदावर जेवढी मिनिटं लिहिली असतील तेवढी मिनिटं पट्टीकडे कोणी बघायचं नाही, हा त्यांचा नियम. मी एकदा दोन मिनिटं आधी डोकावले. त्यांनी ती पट्टी माझ्यासमोर फेकून दिली आणि मला नवी घ्यायला लावली. "आधी पाहिलं की मन ठरवून टाकते," त्या म्हणाल्या. "मग डोळे मनाचंच ऐकतात."

दर वर्षी नव्या टेक्निशियन मुलामुलींचं चार दिवसांचं शिबिर व्हायचं. त्यात मॅडमचा एक तास असे. मोठे डॉक्टर पडद्यावर रंगीत चित्रं दाखवत. मॅडम येताना एक घडीची छत्री आणायच्या, बटण दाबलं की फटकन उघडणारी. विषाणूच्या अंगावर बाहेर आलेले खुंट असतात, त्या सांगत. प्रत्येक खुंटाचे दोन भाग. वरचं डोकं, त्याचं नाव जीपी एकशेवीस. खालचा दांडा, जीपी एक्केचाळीस. डोक्याचं काम पेशी शोधणं, दांड्याचं काम आत शिरणं.

मग त्या एखाद्या मुलीला उभं करत. तिच्या दुपट्ट्याचं एक टोक म्हणजे आपल्या रक्तातल्या पहारेकरी पेशीचं आवरण. "डोकं आधी पेशीवरची एक खूण पकडते. सीडी फोर. पकडलं की डोक्याचा आकार बदलते, आणि आतली लपवलेली जागा उघडी पडते. त्या जागेनं ते दुसरी खूण पकडते. दोन्ही पकडल्या की मग—" इथं त्या बटण दाबत. छत्री उघडून पुढं झेपावे आणि पहिल्या बाकावरची मुलं मागं सरकत. छत्रीच्या काडीत दुपट्ट्याचं टोक अडकवून त्या छत्री मिटत आणत. छत्रीच्या मुठीला त्यांनी स्वतःच्या पदराचं टोक बांधलेलं असे, ते विषाणूचं आवरण. छत्री मिटली की पदर आणि दुपट्टा एकमेकांना येऊन टेकत.

"आता काय झालं?" त्या विचारत.

एका वर्षी एक मुलगा म्हणाला, "मॅडम, उसने दीवार तोड़ दी."

"तोडली नाही. बघ नीट. तोडली असती तर पेशी मेली असती, आणि मेलेल्या घरात त्याचं काम नाही. त्यानं आपली भिंत आणि पेशीची भिंत एक केली. आता आतलं सामान आपोआप आत."

मराठीत सांगून झालं की हेच त्या हिंदीत सांगत, कारण वर्गात मराठी मुलं दोन-तीनच असायची. पण आधी मराठीत, हे ठरलेलं.

त्याच तासात जिलबी यायची. खरी, खव्याची, काळपट आणि पाकानं जड झालेली. त्या ती बशीत ठेवून विचारत, आतला खवा कुठं दिसतो? दिसत नाही. वरून नुसता पाक. विषाणूच्या खुंटांवरही असाच साखरेचा थर असतो, आणि ती साखर त्याची नसते. ज्या पेशीत तो तयार झाला तिचीच. म्हणून आपलं शरीर त्याच्याकडे बघतं आणि त्याला घरचाच समजतं. उशिरानं कळतं तेव्हा अँटिबॉडी बनवायला लागतं. त्यातल्या बऱ्याचशा तुटून पडलेल्या तुकड्यांना, नाहीतर मागच्या आठवड्यातल्या रूपाला जाऊन चिकटतात. तोवर यानं रूप बदललेलं असतं. मग त्या अँटिबॉडीचा उपयोग काय, असं कोणीतरी विचारायचंच.

"त्याला अडवायला फारसा नाही. आपल्याला सांगायला मात्र आहे." आणि खिशातून पट्टी काढून त्या दाखवत. पट्टीवर त्याच खुंटाचा, कारखान्यात बनवलेला तुकडा चिकटवलेला असतो. त्यात विषाणू नसतो. रक्तात त्या खुंटाविरुद्धची अँटिबॉडी असेल तर ती इथं येऊन चिकटते आणि रेघ उमटते. "अँटिबॉडी खोटं बोलत नाही," त्या शेवटी सांगत. "पण विचारलं तेवढंच सांगते. रेघ आली तर विचारा, ही रेघ कोणाची. रेघ नाही आली तर विचारा, यायला वेळ मिळाला होता का."

मुलं हे वहीत लिहून घेत आणि जिलबी खात. मीही लिहून घेतलं होतं.

मॅडमनी लग्न केलं नव्हतं. वडील संरक्षण कारखान्यात होते, ते आणि आई दोघंही गेले, आणि आता गोहलपुरात एका वेल्डिंगच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत मॅडम आणि त्यांची विधवा वहिनी राहत. वहिनींचं नाव वनिता. त्या घरी बायकांचे ब्लाऊज शिवत. मला सासरहून डबा आणायला जमत नाही हे कळल्यावर वनितावहिनी मॅडमसोबत माझाही डबा पाठवायला लागल्या. वांग्याची भाजी, झुणका, हिवाळ्यात सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची ती तिखट, कुरकुरीत वडी. सहा वर्षं मी त्यांच्या हातचं जेवले. कधी त्यांच्या घरी गेले तर त्या मशीन थांबवून, तोंडातली टाचणी काढून विचारत, "मीठ कमी झालं होतं का परवा?" मॅडम एका ओळीत जे बोलत ते वनितावहिनी दहा ओळींत बोलत, आणि दोघींचं छान जमायचं.

एके वर्षी जानेवारीत, केंद्राच्या फोनवर एका बाईचा फोन आला. तिचं नाव इथं रेखा म्हणते. मझौलीजवळच्या एका गावातली, शेतकऱ्याची सून. घर मूळचं अमरावतीकडचं, दोन पिढ्यांपासून इकडं. गरोदरपणात तपासणी झाली तेव्हा तिला लागण असल्याचं आमच्याच केंद्रात कळलं होतं. नवऱ्यालाही होती. दोघं औषधावर होते. बाळ झालं, सहा आठवड्यांचं असताना त्याच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन आम्ही मोठ्या प्रयोगशाळेत पाठवले होते, आणि तिथून लागण नाही असं उत्तर आलं होतं. हे सगळं नवरा-बायकोनं घरात लपवून ठेवलं होतं. गोळ्या रक्तवाढीच्या म्हणून सांगितल्या होत्या.

आता बाळ सात महिन्यांचं. त्याला ताप आला म्हणून सासू त्याला बाजारातल्या एका छोट्या लॅबमध्ये घेऊन गेली. तिथल्या माणसानं सगळ्या तपासण्यांबरोबर ही पट्टीही लावली. रेघ आली. त्यानं सासूला सगळ्यांसमोर सांगितलं की बच्चे को एड्स है, माँ से आया होगा.

रेखानं फोनवर जे सांगितलं ते मी स्पीकरवर ऐकलं. तिचं ताट-वाटी वेगळं काढलं होतं. तिला गोठ्याला लागून असलेल्या खोलीत टाकलं होतं. बाळाला तिच्याकडे फक्त दूध पाजायला देत, तेही दारात उभं राहून. नवरा काही बोलत नव्हता. आणि चार दिवसांपासून तिनं स्वतःच्या गोळ्या घेणं बंद केलं होतं. "कशाला घेऊ, मॅडम," ती म्हणाली. "पोरालेच लागलं तर मी राहून काय करू."

मॅडमनी रजिस्टर उघडून बाळाचं पान काढलं होतं. त्या म्हणाल्या, "रेखा, मी सांगते ते ऐक. त्या लॅबवाल्यानं जी रेघ पाहिली ती बाळाची आहे की तुझी, हे त्याला माहीत नाही. मला बी आजच्या आज माहीत नाही. पण मला माहीत करून घेता येते. तू आत्ता, फोन ठेवला की, गोळी घे. तू बाळाला दूध पाजून राहिली, तुझी गोळी चुकली तर धोका बाळाला आहे. समजलं?" मग त्यांनी विचारलं, "मी घरी आले तर चालेल का तुला? तू हो म्हणशील तरच येईन."

रेखा हो म्हणाली.

रविवारी आम्ही बसनं निघालो. मॅडमनी मला विचारलं नव्हतं, मीच म्हटलं होतं की येते. स्टँडवर पाहते तर सोबत वनितावहिनी, हातात डबा. मला जरा नवल वाटलं. हे कामाचं जाणं, त्यात घरच्या माणसाला कशाला आणायचं? पण मॅडमना विचारण्याची सोय नव्हती. गावात कोणी विचारलं तर आम्ही मटार घ्यायला आलो आहोत, असं ठरलं. त्या दिवसांत त्या बाजूला मटाराचं पीक असतंच, आणि शहरातल्या बायका पिशव्या घेऊन तो घ्यायला येतात, त्यामुळे कोणी वळून पाहिलं नाही.

अंगणात मटाराचा ढीग होता आणि रेखाची सासू सोलत बसली होती. रुंद हाडाची, कपाळावर ठसठशीत कुंकू. दवाखान्यातल्या मॅडम आल्या आहेत एवढं सांगून नवरा भिंतीला टेकून उभा राहिला. मॅडम खाली बसल्या आणि मटार सोलायला लागल्या. आम्ही दोघीही बसलो. सासूबाईंनी आधी नजर टाळली, मग गाव विचारलं, मूळचे कुठले, कोणत्या आळीतले. वनितावहिनींचं माहेर त्यांच्या माहेरापासून जवळच निघालं. मग डबा उघडला गेला. सांबारवडी होती. सासूबाईंनी एक खाल्ली, मग दुसरी घेतली आणि म्हणाल्या की इकडं आल्यापासून अशी वडी खाल्ली नाही.

मग मॅडमनी विषय काढला. त्यांनी छत्रीचं किंवा साखरेचं काही सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, पोटात असताना आई बाळाला आपल्या रक्तातली ताकद देते. गोवराशी लढायची, काविळीशी लढायची, जे जे तिच्या अंगानं शिकलं ते सगळं. बाळ जन्मतं ते आईची शिदोरी घेऊन. वर्ष-दीड वर्ष ती पुरते, मग संपते. रेखाचं शरीर या आजाराशी लढून राहिलं, तर त्याचीही शिदोरी बाळाकडे आली. लॅबवाल्याच्या पट्टीला ती शिदोरी दिसली. आजार दिसला नाही. ती पट्टी आजार बघतच नाही.

"पण कागदावर तं आलं ना," सासूबाई म्हणाल्या.

"आलं. रेघ आली हे खरं आहे. पण ती आईची आहे का बाळाची, हे त्या पट्टीला सांगता येत नाही. त्यासाठी दुसरी तपासणी असते. सहा आठवड्यांचं होतं तेव्हा केली, तेव्हा बाळात आजार नव्हता. आता पुन्हा करू. सोमवारी बाळाला घेऊन या."

"अन् निंघाला तं?"

"तर औषध सुरू करू. मी वचन देत नाही, आजी. मी कागद देईन, आणि त्यावर जे असेल ते तुम्हाला वाचून दाखवीन."

सासूबाई थोडा वेळ सोलत राहिल्या. मग मान न उचलता गोठ्याच्या दिशेनं इशारा करून म्हणाल्या, "पोराचं समजलं. हिचं काय करू? हिच्या हातचं कसं खायचं आम्ही? मले बाकीच्या लेकराइचंही पाहा लागते."

मॅडमनी वहिनींकडे पाहिलं. वनितावहिनींच्या हातात शेंग होती, ती त्यांनी सोलून पूर्ण केली.

"आजी, वड्या कशा झाल्या होत्या?"

"चांगल्या झाल्या. काहून?"

"माझ्या हातच्या आहेत. मला बी तेच आहे, तुमच्या सुनेला आहे ते. एकवीस वर्षं झाली."

सासूबाई वहिनींच्या हातांकडे बघत राहिल्या. आणि मला इथं खरं सांगायला हवं, की माझेही हात थांबले होते. मी रोज तीसेक लोकांना सांगायचे की जेवणातून लागत नाही, हात लावून लागत नाही. मला सगळं पाठ होतं. तरी त्या क्षणी सहा वर्षांचे डबे माझ्या डोळ्यांपुढून गेले. मॅडमनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी मान खाली घालून पुढची शेंग उचलली.

"एकवीस?" सासूबाईंनी विचारलं.

"एकवीस. रोज गोळी घेते. मशीन चालवते. यांच्यासंग भांडते."

सासूबाईंनी तिसरी वडी घेतली नाही. त्यांनी आम्हाला मटाराचा भाव सांगितला नाही आणि निघताना पिशवी भरून दिली तेव्हाही चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. पण आम्ही फाटकापाशी पोचलो तेव्हा मागं त्यांचा आवाज आला. गोठ्याकडे तोंड करून त्या म्हणत होत्या, "बाहेर येऊन बस इकडं. ऊन आहे. पोराले घे."

परतीच्या बसमध्ये वनितावहिनी खिडकीला डोकं टेकून झोपल्या. मॅडम माझ्या शेजारी होत्या. सिहोरा मागं पडल्यावर त्यांनीच सांगितलं.

त्यांचा धाकटा भाऊ ट्रकवर होता, नागपूरच्या रस्त्यावर. लग्न ठरलेलं. एक दिवस तो केंद्रात आला आणि म्हणाला, ताई, दोन आठवड्यांपूर्वी माझ्याकडून एक चूक झाली आहे, मला भीती वाटते, माझं रक्त बघ. मॅडमनी स्वतः रक्त घेतलं, स्वतः पट्टी लावली. रेघ नव्हती.

"दोन आठवड्यांत रेघ कशी येईल," मॅडम म्हणाल्या. "विषाणू शिरतो त्याच दिवशी. शरीराला कळून अँटिबॉडी बनायला वेळ लागतो. मला हे माहीत होतं, मीनल. मी त्याला सांगितलं बी, की तीन महिन्यांनी पुन्हा ये. पण हसत सांगितलं. त्याच्या डोक्यात टपली मारली आणि हसत सांगितलं."

भावानं फक्त हसणं ऐकलं. दोन महिन्यांनी लग्न झालं. तीन वर्षांनी तो गेला. तेव्हा इकडं औषधं पोचायची होती. वहिनींपर्यंत ती वेळेवर पोचली. भाऊ गेल्यावर वहिनींना माहेरच्यांनी न्यायला नकार दिला, आणि वहिनींनीही जायला. त्यांना सगळं कळलं होतं, रिपोर्ट कोणी दिला हेही. त्या मॅडमना एवढंच म्हणाल्या होत्या की मला शिलाई मशीन घेऊन द्या.

"आज वनिताला आणायचं मी नाही ठरवलं," मॅडमनी सांगितलं. "फोन आल्याचं घरी बोलले, नाव न घेता. ती म्हणाली, तुमच्या सांगण्यानं ती सासू ऐकणार नाही. मी येते. वड्या करते."

सोमवारी रेखा आणि तिचा नवरा बाळाला घेऊन आले. टाचेतून थेंब घेतले, कार्डावर वाळवले, पाठवले. उत्तर यायला काही आठवडे गेले. त्या आठवड्यांत मॅडमनी नेहमीचंच काम केलं, फक्त टपालाचा माणूस आला की त्या खुर्चीतून उठत, आणि आमचं नसलं की परत बसत. उत्तर आलं ते लागण नसल्याचं. मॅडमनी ते तीनदा वाचलं आणि रेखाला फोन करून कागदावरचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं. पलीकडून रडण्याचा आवाज आला तेव्हा त्या म्हणाल्या, "अजून संपलं नाही. दूध बंद झाल्यावर, दीड वर्षाचं झालं की शेवटची तपासणी. गोळी घेतली का आज?"

दीड वर्षाचं झाल्यावर ते पोर स्वतःच्या पायांनी आमच्या खोलीत आलं. सोबत रेखा आणि तिची सासू. मॅडमनी थेंब टाकला, मनगट उलटं केलं, आणि पूर्ण वेळ होईपर्यंत पट्टीवर पाठकोरा कागद झाकून ठेवला. वेळ झाल्यावर कागद उचलला. पट्टी नीट चालते आहे हे सांगणारी एकच रेघ. दुसरी जागा कोरी. आईची शिदोरी संपली होती आणि पोराची स्वतःची रेघ नव्हती. सासूबाईंनी ती पट्टी आपल्या डोळ्यांनी पाहायला मागितली. उजेडात धरून पाहिली, पोराला दाखवली, आणि रेखाच्या हातात दिली.

त्या दिवशी मी मॅडमना पहिल्यांदाच रिपोर्ट "झालं" एवढ्या एका शब्दात सांगताना ऐकलं. परत या म्हणाल्या नाहीत.

निवृत्तीला आठ-नऊ महिने राहिले होते तेव्हाची गोष्ट. एका सकाळी त्यांनी मला टेबलापाशी बोलावलं. "बघ जरा, मला कोरी दिसून राहिली." मी पट्टी खिडकीकडे धरली. रेघ होती. फिकट, पण होती. मी सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, मग भिंग घेऊन पाहिलं. भिंगातून दिसली. ज्याचं ते रक्त होतं त्या माणसाच्या खात्रीसाठीच्या आणखी दोन तपासण्या झाल्या, त्यांतही रेघ आली, आणि त्याला औषध सुरू झालं. दुपारी मॅडमनी साध्या कागदावर अर्ज लिहिला की माझ्या डोळ्यांना फिकट रेघ दिसत नाही, आजपासून पट्ट्या वाचण्याचं काम माझ्याकडे ठेवू नये. दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी समजावलं, मोतीबिंदू असेल, ऑपरेशन करून घ्या, अर्जाची काय गरज. मॅडमनी ऑपरेशन करून घेतलं आणि अर्जही परत घेतला नाही. उरलेले महिने त्या फक्त बाहेरच्या खोलीत बसल्या, माणसांशी बोलत. मला वाटतं, त्या महिन्यांत आमच्या केंद्रात तीन महिन्यांनी परत येणाऱ्यांची संख्या सगळ्यांत जास्त असेल, पण हे मी मोजलेलं नाही.

विषाणूबद्दलचं त्यांचं वाचन निवृत्तीनंतरही चालू होतं. काही थोड्या माणसांच्या शरीरात खूप वर्षांनी अशा अँटिबॉडी बनतात की ज्या खुंटाच्या नेमक्या जागी बसतात, जिथून तो पेशीला पकडतो. बाकी सगळं तो बदलू शकतो, ती जागा फार बदलता येत नाही, कारण पकडायचं तर तिथूनच. यावरून लस करायचे प्रयत्न चालले आहेत असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. मला फोन करून त्यांनी ते समजावलं, अर्धा तास. "मी नाही, पण तू बघशील," त्या म्हणाल्या. आवाज असा, की तारीख तेवढी ठरायची बाकी आहे.

गेल्या वर्षी त्या दोघी वर्ध्याला, वहिनींच्या भाचीजवळ राहायला गेल्या. जायच्या आठवडाभर आधी मी त्यांना कमानिया गेटजवळ पाहिलं. संध्याकाळची गर्दी, सणाची खरेदी. मी रस्त्याच्या या बाजूला, त्या दोघी समोरच्या कापडाच्या दुकानापाशी. वनितावहिनी अस्तराच्या कापडावरून दुकानदाराशी हुज्जत घालत होत्या आणि मॅडम दोन्ही हातांत पिशव्या घेऊन त्यांच्या मागं उभ्या होत्या. मी हाक मारणार, तेवढ्यात गर्दीतून एक माणूस त्यांच्या दिशेनं येताना दिसला. सोबत बायको आणि खांद्यावर लहान मुलगी. मी त्याला ओळखलं. बारा वर्षांपूर्वी पहिला रिपोर्ट ऐकून तो मॅडमच्या टेबलावर डोकं टेकून रडला होता, आणि मॅडम त्याच्यासोबत दुपारचं जेवण सोडून बसल्या होत्या. पुढं त्यांनीच त्याच्या बायकोला बोलावून सगळं समजावलं होतं. ती मुलगीही आमच्या रजिस्टरमधली.

आमच्या कामाचा एक नियम आहे की रस्त्यात भेटलेल्या पेशंटला आपण ओळख द्यायची नाही. त्यानं दिली तर द्यायची.

तो अगदी जवळ आला. त्यानं मॅडमना पाहिलं, हे मला इतक्या लांबून दिसलं, कारण त्याची पावलं अर्धा क्षण अडली. आजूबाजूला लोक होते, कदाचित त्याच्या ओळखीचे. मॅडमची नजर त्याच्यावरून गेली, जशी शेजारच्या फुगेवाल्यावरून गेली होती तशीच. वाट अरुंद होती. त्यांनी उजव्या हातातली पिशवी डाव्या हातात घेतली, दुकानाच्या पायरीवर चढून उभ्या राहिल्या, आणि ते तिघं समोरून गेले. मुलगी वळून मॅडमच्या पांढऱ्या केसांकडे बघत होती. मॅडम कापडाकडे बघत होत्या आणि वहिनींना म्हणत होत्या, गडद रंग घे, मळणार नाही.

मी हाक मारली नाही. पलीकडच्या बाजूला उभी राहून त्या दोघी गर्दीत दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिले.